बाईंचे कान चांगले होते

मी एक गादी. बसायची नव्हे, झोपायची तर नव्हेच, गुडघे टेकायची. एका माणसापुरती लांबी, वरून मरून रेक्झिन, आत फोम. एका कोपऱ्याची शिवण उसवली आहे, तिथून माझं पोट डोकावतं. रूपात काही नाही, हे मला माहीत आहे. पण माझ्यावर टेकून माणसं जे बोलली, ते ती घरच्यांशीही बोलली नसतील. भिंतींना कान असतात म्हणतात. गाद्यांनाही असतात; आमच्यावर कोणी म्हण केली नाही, एवढंच.

माझा जन्म उरल्यासुरल्यातून झाला. आमच्या चर्चच्या मंडळीने उपासनेच्या हॉलसाठी नव्या खुर्च्या करून घेतल्या, तेव्हा फोमचे आणि रेक्झिनचे तुकडे उरले. खुर्च्यांना गाद्या बसवणारा कारागीर पाळकसाहेबांना म्हणाला, "साहेब, याचं काय करू? टाकवत नाही."

"गुडघे टेकायला छोट्या गाद्या करा की," साहेब म्हणाले.

"गुडघे टेकायला? आम्ही तर घरी रोज टेकतो, नुसत्या फरशीवर. गादी मागितली तर बायको गादीसकट बाहेर काढील."

साहेब मोकळेपणी हसले. म्हणाले, "ते हरल्यावर टेकायचे. हे वेगळे."

"वेगळे म्हणजे कसे?" कारागिराने सुई थांबवून विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण साहेबांचा मोबाइल वाजला आणि ते बोलत बोलत खाली गेले. कारागिराने खांदे उडवले आणि माझी शेवटची बाजू शिवून टाकली.

आम्ही बऱ्याच बहिणी होतो. पण हल्ली गुडघे टेकतो कोण? हॉलमध्ये उभं राहून गायचं, खुर्चीत बसून ऐकायचं, डोळे मिटून मान खाली घालायची, झालं. माझी एक बहीण ड्रम वाजवणाऱ्याच्या बुडाखाली गेली, एक लाउडस्पीकर हलू नये म्हणून त्याच्या पायाशी सरकवली गेली, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. मी तेवढी जिन्याशेजारच्या प्रार्थनेच्या खोलीत राहिले.

त्या खोलीला खोली म्हणायचं ते कौतुकानं. भिंतीवर क्रूस, त्याच्या शेजारी विजेचा मीटर. एका बाजूला मोडक्या खुर्च्यांची चळत, खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाठ. दारावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, आणि बरोबर खाली टायरचं दुकान. हवा भरायचं यंत्र सुरू झालं की पाटीसुद्धा थरथरते. तरी माणसं यायची. कोणी घाईत टेकायचे आणि आमेन म्हणता म्हणता उठायचे. कोणी डोळे मिटून एका हाताने मोबाइल चाळायचे. एक आजोबा माझ्यावर टेकले की दोन वाक्यांत घोरू लागायचे. पण मला वाटायचं, बापाच्या घरी झोप नाही लागणार तर कुठे लागणार?

आणि मग स्टेनोबाई.

त्यांना सगळे याच नावाने ओळखायचे. न्यायालयात त्या लघुलेखिका होत्या. न्यायाधीश बोलतील ते कानांनी टिपायचं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. बोलणारा पुटपुटो की ओरडो, बाईंच्या हातून शब्द सुटत नसे. म्हणजे बाईंचे कान कसे होते हे तुम्हीच ठरवा. कामावर जाण्याआधी सकाळी त्या यायच्या. त्यांच्याकडे खोलीची वेगळी किल्ली होती. पर्स खुर्चीवर ठेवायच्या, पदर आवरायच्या आणि माझ्यावर गुडघे टेकायच्या. हळूच, जणू मला दुखेल.

सुरुवातीला त्या बोलायच्याच नाहीत. नुसत्या थांबायच्या. मला वाटायचं, किती शांत बाई आहे. पुढे कळलं, ती शांतता नव्हती. त्या वाट पाहत होत्या.

एक दिवस त्या बोलल्या. मोठ्याने नाही, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. "आई गेली तेव्हा तू होतास. नोकरी नव्हती तेव्हा होतास. रिकाम्या डब्याशी बसले होते तेव्हासुद्धा मला कळत होतं, तू आहेस. आता सगळं ठीक आहे. नवरा भला आहे, घर आहे, तब्येत आहे. आणि आता तू बोलत नाहीस. काय झालं? मी काही केलं का?"

खाली कोणीतरी टायर आपटला. बाई कान देऊन थांबल्या. मीही थांबले. मला तर फोमच्या आतपर्यंत ऐकू येतं, पण काही आलं नाही.

असं कितीतरी काळ चाललं. बाई चुकल्या नाहीत. ताप असला तरी आल्या. घरी भांडण झालं तरी आल्या. ज्याच्याकडून साद नाही, त्याच्याशी इतकं एकनिष्ठ राहताना मी दुसरं कोणी पाहिलं नाही. पण त्यांचे गुडघे जड होत चालले होते. वजन तेच, टेकणं जड होतं. कारागिराला हवं होतं ते उत्तर मला आपोआप मिळत होतं. दोन्ही टेकण्यांत फारसा फरक नसतो.

आता त्या बुधवारचं सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं.

बुधवारी संध्याकाळी त्या खोलीत प्रार्थनासभा भरायची. खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकेकाने आपली विनंती सांगायची. नातवाची परीक्षा, पाठीचं दुखणं, मुलीसाठी स्थळ, भाडेकरू जागा सोडत नाही. सभा चालवायच्या त्या एक मावशी. मंडळीतल्या सगळ्यांच्याच मावशी. मनाने लोण्यासारख्या, पण कामाला वीज. समोरचा बोलत असतानाच त्या विनंती मोबाइलवर लिहून मंडळीच्या ग्रुपवर पाठवायच्या. माणसाचं वाक्य संपायच्या आत शंभर घरांत प्रार्थना सुरू झालेली असायची. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो असायला हरकत नव्हती. पाळकसाहेबही त्या दिवशी आले होते, दाराजवळच्या खुर्चीवर.

फेरी बाईंपाशी आली. एरवी त्या म्हणायच्या, "माझं काही नाही, सगळं ठीक आहे." त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही हो. बरेच दिवस झाले. पूर्वी यायचं."

बस्स. पूर्ण बोलणं तेवढंच. पुढचं त्या जुळवत होत्या, मला त्यांच्या पायांवरून कळत होतं. पण मावशींचा अंगठा मोबाइलवरून सरकून गेलाही होता.

"अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं!" मावशी उठल्या, बाईंजवळ आल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "काळजी करू नकोस! देव मोठा आहे!"

बाई दचकल्या. "मावशी, कान नाहीत हो..."

"असं म्हणायचं नाही! कान त्यानेच दिलेत, तोच उघडील." आणि मावशींनी दोन्ही तळवे बाईंच्या कानांवर घट्ट दाबून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. बाकीचेही हात पुढे करून सुरू झाले. ज्या कानांना काही झालं नव्हतं, ते त्या वेळी खरोखरच बंद होते. बाईंना खाली माझ्यावर टेकवलं होतं, त्यांचे गुडघे कापत होते, आणि सगळ्यांना वाटलं, प्रभू स्पर्श करतो आहे.

ध चा मा व्हायला लोकांना कारण लागत नाही. इथे तर ध जसाच्या तसा राहिला आणि तरी मा झाला. ग्रुपवर बाईंचेच शब्द गेले होते, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. हे ऐकून सगळ्यात जास्त त्याच हसल्या असत्या. कोणाचंही वाक्य न बदलणं, हेच तर त्यांचं काम.

पुढच्या सकाळी त्या आल्या तेव्हा हसतच होत्या. "ऐकतोस का? कोपऱ्यावरचा चष्मेवाला आज रस्त्यापलीकडून ओरडला, कशा आहात? अख्खा रस्ता थांबला. एकींनी कानात घालायचं तेल आणून दिलं. आणि ऑफिसात बातमी पोचली. मोठे कारकून माझ्याकडे बघून ओठ फाकवून फाकवून बोलतात, एखाद्या बाळाशी बोलावं तसे." मग हसता हसता त्या रडायला लागल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. "सांगू काय त्यांना? कान बरे नाहीत म्हटलं तर लोक डॉक्टर सुचवतात. देव ऐकू येत नाही म्हटलं तर विचारतात, कोणतं पाप केलंस."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. शंभर घरांतली माणसं मनापासून त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण ते सगळं प्रेम चुकीच्या पत्त्यावर जात होतं, आणि बरोबर पत्त्यावर बाई एकट्या होत्या.

मंडळीत एक रीत आहे. प्रार्थनेचं उत्तर मिळालं की रविवारी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची. आता बाईंचं उत्तर मिळालं की नाही, हे ठरवलं मावशींनी. त्या बाईंच्या पाठीमागून हळूच बोलल्या, बाई वळल्या, आणि मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी रविवार ठरवला. बाईंना विचारलं नाही. त्यांना कळवलं.

त्या रविवारी मला हॉलमध्ये नेलं. साक्षीनंतर बाईंनी गुडघे टेकायचे आणि साहेबांनी आशीर्वाद मागायचा, असं ठरलं होतं. मी वेदीसमोर पडले होते. वर दिवे, मागे पडद्यावर गाण्याचे शब्द, समोर भरलेला हॉल. पहिल्या रांगेत मावशी रुमाल हातात घेऊन तयार.

बाई पुढे आल्या. साहेबांनी माइक हातात घेतला. "मंडळी, आपण सगळ्यांनी या ताईंसाठी प्रार्थना केली. ताई, तुम्हीच सांगा. आता ऐकू येतं ना?" आणि माइक बाईंच्या तोंडाजवळ धरला.

बाईंनी माइक हाताने बाजूला केला. रागाने नाही, कुंकवाचा करंडा सरकवावा इतक्या सहज. मग साहेबांकडे पाहून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्हाला येतं का?"

त्यात टोमणा नव्हता. तो आवाज मी रोज ऐकला होता, मला कळलं असतं. रस्ता चुकलेला माणूस समोरून येणाऱ्याला विचारतो, तुम्हाला ठाऊक आहे का हो, तसं ते विचारणं होतं. त्यांना उत्तर हवं होतं. हो म्हणाले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मग मलाही शिकवा. नाही म्हणाले असते तर म्हणाल्या असत्या, मग आपण दोघं आहोत. काहीही चाललं असतं.

माझ्या शेजारी साहेबांचे बूट होते, नवे, चकचकीत. त्यातला एक किंचित मागे सरकला. मग त्यांनी माइक स्वतःच्या तोंडाशी नेला.

"मंडळी, ताई हो म्हणाल्या."

टाळ्यांचा पाऊस पडला. मावशी उभ्या राहून रडल्या. ड्रम वाजले, वाजवणारा माझ्या बहिणीवर बसलेला. बाई माझ्यावर टेकल्या, कारण टेकायचं ठरलं होतं. त्यांचे गुडघे त्या दिवशी अगदी हलके होते. मला त्याचीच भीती वाटली. ज्याला काही मागायचं उरलेलं नसतं त्याचे गुडघे तसे हलके असतात.

त्यानंतर त्या सकाळच्या आल्या नाहीत.

काही दिवसांनी पाळकसाहेब खोलीत आले. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती, खाली शांतता होती. त्यांनी दार लावलं. मला कोपऱ्यातून ओढलं आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे गुडघे मला फारसे ओळखीचे नव्हते. ते उभं राहून प्रार्थना करायचे, हात वर करून. टेकताना त्यांनी खुर्चीचा आधार घेतला.

मग म्हणाले, "ताईंनी विचारलं होतं."

"नाही," ते म्हणाले. "मलाही नाही येत. कधीपासून, ते आठवतसुद्धा नाही. दर रविवारी बोलतो. लोक म्हणतात, साहेब, आज देव बोलला. मी म्हणतो, आमेन. ताई कानांचं बोलत नव्हत्या, हे मला बुधवारीच कळलं होतं. पण कानांसाठी प्रार्थना करणं सोपं होतं."

मी सगळं अंग ताठ करून थांबले. मला वाटलं, आता तरी. एक रोज येत होती तिला नाही मिळालं. पण हा तर त्याचा स्वतःचा माणूस, त्याच्या घरचा चाकर. एवढं खरं बोलल्यावर तरी काहीतरी ऐकू येईल. पंखा फिरत राहिला. साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या रेक्झिनवर पडलं. रेक्झिनमध्ये पाणी मुरत नाही, ते तसंच ओघळून फरशीवर गेलं.

त्यांनी मोबाइल काढला. बाईंचं नाव शोधलं, अंगठा त्यावर धरला. पलीकडे पहिली घंटा वाजल्याचं मीही ऐकलं. मग त्यांनी फोन कापला, खिशात टाकला, पँटचे गुडघे झटकले आणि बाहेर गेले. दारापर्यंत पोचेपर्यंत ते पुन्हा पाळकसाहेब झाले होते.

बाई मात्र एकदा आल्या. किल्ली परत करायला.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. जायला वळल्या, पुन्हा आल्या, वाकून माझा उसवलेला कोपरा बोटाने आत ढकलला. टेकल्या नाहीत. त्याच वेळी भिंतीपलीकडे हॉलमध्ये नवा लाउडस्पीकर लावला होता, आणि साहेब एकटेच तो तपासत होते. खर्र खर्र झालं आणि त्यांचा आवाज भिंतीतून आला.

"हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का?"

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"हॅलो. मागं ऐकू येतंय का?"

मागे कोणी नव्हतं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज फिरून परत येत होता. बाईंनी हात भिंतीवर ठेवला. त्यांचा चेहरा मला खालून नीट दिसला नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "येतंय, साहेब. तुमचं येतंय." एवढ्या हळू की भिंतीलाही कळलं नसेल. मग पर्स उचलली आणि जिना उतरून गेल्या. मी त्यांची पावलं टायरच्या दुकानापर्यंत ऐकली, पुढे यंत्र सुरू झालं.

माझ्या पोटात फोमऐवजी जीभ असती तर मी ओरडले असते. दोघंही आले होते. दोघांनीही एकमेकांना उत्तर दिलं होतं. फक्त ज्याला द्यायचं तो समोर नसताना.

आता माझ्याविषयी काय सांगू? प्रार्थनेची खोली बंद करायचं ठरलं आहे. उपासना मोबाइलवर घरोघर दाखवायची, तर यंत्रं ठेवायला जागा हवी. भिंतींना आवाज शोषणारे तक्ते बसवणार आहेत. मीटर राहील, क्रूस हॉलमध्ये जाईल, खुर्च्या भंगारात. मावशींनी मला उचलून पाहिलं, म्हणाल्या, "हिला कोण घेणार?" आणि जिन्याखाली ठेवून दिलं. मावशींवर माझा राग नाही. त्या अजूनही कोणालाही भेटल्या की बाईंची साक्ष सांगतात. बहिरी बाई ऐकू लागली, असं.

मला टाकून दिलं तरी हरकत नाही. मी उरलेल्यातून झाले, उरलेल्यात जाईन. पण तुम्ही त्या मंडळीत कधी गेलात, तर एवढं करा. स्टेनोबाईंचं घर विचारा, कोणीही सांगेल. त्यांना साहेबांकडे आणा, किंवा साहेबांना त्यांच्याकडे न्या. माइक नको, ग्रुप नको, डोक्यावर हात नको. दोघांना समोरासमोर बसवा आणि बाईंना तोच प्रश्न पुन्हा विचारू द्या. देव बोलेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. मी इतकी वर्षं जवळ होते आणि मला ऐकू आलं नाही. पण त्या दोघांना एकमेकांचं तरी ऐकू येईल.

आणि वेळ लावू नका. बाई आता कोणाकडेच काही मागत नाहीत, आणि साहेबांचा आवाज रविवारी पूर्वीपेक्षा फार मोठा येतो.